डोळे मिटेपर्यंत

"आधी तू घे," टॅबिथाबाई म्हणाल्या.

डॉर्कसने चहाचा कप उचलला, एक घोट घेतला आणि कप बशीत ठेवला. मग तोंड उघडून जीभही दाखवली.

"जीभ कशाला दाखवतेस? मी काय डॉक्टर आहे?"

"काल तुम्ही म्हणालात, गिळलं नसशील. म्हणून."

तिला काही होत नाही हे पाहून बाईंनी कप घेतला, तोवर चहा निवला होता. हल्ली त्यांच्या ओठांना गरम असं काही लागतच नसे.

साहेब, त्यांचे यजमान, गेल्यापासून बाई माडीवरच्या, उतरत्या छपराखालच्या खोलीत राहत. खिडकीतून नदी दिसे, तंबाखूचे मळे दिसत, आणि मळ्यांत वाकलेली माणसं. त्यांतल्या कुणी मान वर केली की बाई पडदा ओढून घेत.

साहेब देशाचे अध्यक्ष होते, तेव्हाही त्या कोंडलेल्याच होत्या. दर शुक्रवारी दिवाणखान्यात उंच खुर्चीवर बसायचं, बायकांनी येऊन गुडघे लववून जायचं. अध्यक्षांच्या बायकोने मात्र कुणाच्या घरी जेवायला जायचं नाही, असा दंडक. "एकदा व्हर्जिनियाला परतलो की तू नि मी, अंजिराखाली बसून राहू," साहेब म्हणायचे. परतले, आणि दुसऱ्याच हिवाळ्यात गेले.

त्यांचं मृत्युपत्र वकिलाने जेवणघरात मोठ्याने वाचलं. माझ्या मालकीचे सगळे गुलाम माझ्या पत्नीच्या मृत्यूनंतर मुक्त व्हावेत. ताटं उचलणारे हात जागच्या जागी थांबले. तेव्हापासून कुणी "बाईसाहेब, आज तब्येत कशी?" असं विचारलं की बाई विचारणाऱ्याचे हात निरखत.

"देवमाणूस होता तुझा आजा," त्या नातीला, लेटीला म्हणाल्या. "सगळ्यांचं भलं करून गेला. फक्त मध्ये मला उभं केलं."

"काहीतरीच काय, आजी! कोण मारतंय तुला?"

"गोठा पेटला, तो आपोआप?"

"वाळकं गवत पेटतंच."

"भर पावसात?"

लेटीने आजीचं पांघरूण सारखं केलं. मग हसून म्हणाली, "डॉर्कस आहे ना तुझ्याजवळ. तिच्यासारखी दुसरी शोधून सापडायची नाही."

डॉर्कस होतीच. बाई पहिल्या नवऱ्याच्या मागे साहेबांशी लग्न करून या घरात आल्या, तेव्हा ती आईच्या कडेवरून त्यांच्याबरोबर आली होती. आता तिलाच चार मुलं होती. नवरा टायटस मळ्यावरचा सुतार. डॉर्कस बाईंच्या पायाशी गरम विटा ठेवी, खिडकी उघडू देत नसे, जिना उतरू देत नसे. रात्री दाराशीच झोपे. बाईंना जाग आली की पहिल्यांदा तिचाच श्वास ऐकू येई. इतकी माया कुणी उगाच करत नाही, असं त्यांना वाटू लागलं होतं.

एका दुपारी त्यांनी दाराच्या फटीतून पाहिलं. डॉर्कस माडीवरच्याच चुलीपाशी बसून सूपच्या वाडग्यात कसली तरी मुळी कुस्करत होती.

"काय टाकलंस?"

ती दचकली. "रानातली मुळी आहे, बाईसाहेब. कफ सुटतो हिने. आई द्यायची."

"आण इकडे."

बाईंनी वाडगा सरळ चुलीत रिकामा केला. डॉर्कस उठलेल्या राखेकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. पकडली गेली म्हणून, असं बाईंनी मनाशी धरलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी वकिलाला बोलावलं.

"माझ्या मरणापर्यंत थांबायचं नाही. साहेबांची माणसं आताच सोडून द्या."

"करता येईल. पण बाईसाहेब, मळा कोण बघणार?"

"मळा जळो. मला गरम चहा प्यायचाय."

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी माणसं निघाली. डोक्यावर बोचकी, हातात कोंबड्या, कडेवर पोरं. कुणीतरी गाणं धरलं आणि ते नदीकडच्या वळणापर्यंत ऐकू आलं. बाई कठड्याला धरून एकट्या जिना उतरल्या, पुढचं दार उघडून ओसरीवर बसल्या. गार वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं तरी त्या हलल्या नाहीत. आपल्या मरणाने ज्याचं काही भलं व्हावं, असं आता या घरात कुणी उरलं नव्हतं. कितीतरी दिवसांनी त्यांना खरी भूक लागली.

डॉर्कस शाल घेऊन बाहेर आली.

"तू अजून इथेच?" बाई म्हणाल्या. "टायटस बघ फाटकाशी ताटकळलाय, हत्यारांची पेटी घेऊन. मुलांना घे नि नीघ. तुलाही आता माझ्या मरणाची वाट बघायला नको."

डॉर्कसने शाल त्यांच्या खांद्यांवर घातली, गळ्याशी नीट गाठ मारली.

"तो मला न्यायला नाही थांबला. निरोप घेऊन झालाय आमचा. पाऊल उचलत नाही त्याचं."

"म्हणजे?"

"तो साहेबांचा होता, बाईसाहेब. मी तुमच्या पहिल्या यजमानांच्या घरची. तिकडून आलेल्यांवर हक्क पहिल्या यजमानांच्या वंशाचा, म्हणजे तुमच्या नातवंडांचा. आम्हाला सोडणं साहेबांच्या हातात नव्हतं, तुमच्याही नाही. तुमचे डोळे मिटले की आम्ही तुमच्या नातवंडांत वाटले जाणार. एकेक एकेकाला."

बाईंनी फाटकाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत कोण कुठून आलेलं, याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता.

"लेटीताईंनी माझी धाकटी आत्ताच मागून ठेवलीय," डॉर्कस म्हणाली. "तुम्ही मेलेलं मला परवडायचं नाही."