पुढची सीट

सेजलला घरून काम मिळालं तर सगळ्यात जास्त फायदा महिपतीचा, असं वरंधच्या वरच्या वाडीत महिपती सोडून सगळेच म्हणत. सेजलचं पुण्याला जाणं टळणार होतं, ठकूबाईला लेक सोबतीला राहणार होती, ते ठीकच. महिपतीला मात्र मुंबईची नात रोज फोनवर नाचताना दिसणार होती, तेही फुकटात. कारण सेजलनं स्वतःच्या पैशानं घेतलेली इंटरनेटची केबल रस्त्यालगतच्या त्याच्या घरापर्यंतच आली होती. तिथल्या डब्यातून वायर ओढून सेजलनं वर आपल्या पडवीत नेली होती.

आज परीक्षा होती. पुण्यातल्या कंपनीचं सगळं इंटरनेट ज्या मधल्या सर्व्हरमधून जातं, तो प्रॉक्सी सेजलनं इथं बसून लावायचा आणि संध्याकाळपर्यंत बाकीच्या सर्व्हरवर नजर ठेवायची. जमलं तर घरून काम, नाहीतर सोमवारी पुण्यात.

प्रॉक्सी लागला. पडद्यावर सगळे सर्व्हर हिरवे झाले. आणि लगेच पडदाच गोठला.

पुण्याहून नीला मॅडमचा फोन आला. “सेजल, सर्व्हर सगळे चालू आहेत. तूच बंद दिसतेयस.”

सेजल खाली धावली. महिपतीच्या दाराला कुलूप. घर सोडताना मेन स्विच पाडायचा, हा वाडीत वीज आल्यापासूनचा त्याचा नेम. मोबाईलही बंद, बॅटरी कशाला जाळा? स्वारी भाड्याच्या जीपनं महाडला निघालेली. ड्रायव्हरशेजारची सीट दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून जायचं-यायचं भाडं सकाळीच भरलेलं.

“गेला काय गो?” वरून ठकूबाईनं विचारलं.

“आत्ताच गेला, आये!”

ठकूबाई धोंड्यावर चढली. घाटात रस्ता वळणं घेत उतरतो, हाक सरळ उतरते. “रावजी रेऽऽ! महिपतीला जीपमधून उतरीव! किल्ली हवी हाय!”

खालच्या वाडीतून रावजीची “होऽऽ” आली.

फोन पुन्हा वाजला. “अजून किती वेळ, सेजल?”

“मॅडम, किल्ली चढतेय.”

“कसली किल्ली?”

“इंटरनेटची.”

मॅडम हसल्या. “चढू दे. थांबते मी.”

महिपती धापा टाकत आला. “मला वाटला, घराला आग लागली! एवढ्यासाठी उतरवलंत?”

“एवढ्यासाठीच, काका.”

कुलूप निघालं, स्विच वर गेला, डब्यावरचे दिवे लुकलुकले.

दिवस मावळता नीला मॅडमचा निरोप आला: सोमवारी घरूनच कामाला बस, किल्ली तेवढी जवळ ठेव. महिपतीनं किल्ली ठकूबाईच्या खुंटीला अडकवली. “ठेव गो. पुन्हा मी उतरायचा नाय.”

तेवढ्यात महाडहून जीप परत आली. पुढच्या सीटवरून भरलेली पिशवी सावरत रावजी उतरला.

“महिपती, जागा ऐसपैस होती रे! जाताना पण, येताना पण!”