आडातलं कासव

"घरच्या आडात कासव मेलं न्हाई पायजे," केवळाबाई मुलाला म्हणाल्या. "पाण्याला दोष लागतो."

सुदर्शन काठावरून वाकून बघत होता. कोकणातून मोठ्या कौतुकाने, बाटलीत लपवून आणलेलं कासवाचं पिल्लू खाली पाण्यावर निपचित तरंगत होतं. बोअर आटला म्हणून यंदा घरामागचा जुना आड उघडावा लागला. कित्येक वर्षं तो फरशीखाली बंद होता, आत पालापाचोळा कुजून हवा कोंदली होती. आडात कासव सोडलं की पाणी नासत नाही, हे समुद्रापासून लांबच्या या मुरुडमध्ये लहान पोरालाही ठाऊक. पण हे कासव समुद्राचं, गोड्या पाण्यात ते टिकायचं नाही, हे सुकन्याने, म्हणजे बायकोने, मोबाईलवर वाचून सांगेपर्यंत या गड्याच्या गावीही नव्हतं.

ही पिल्लं उजेडाकडे धावतात, हेही तिनेच वाचलेलं. म्हणून दिवेलागणीला त्याने बादलीत कंदील ठेवून ती आडात सोडली. पिल्लू बादलीत शिरलं की वर ओढायचं, असा बेत होता.

पाण्याला टेकायच्या आधीच कंदील विझला.

"वारं असंल," म्हणत त्याने तो वर घेऊन पुन्हा पेटवला. या खेपेला तो आणखी वरच विझला. सुदर्शनने वैतागून बादली बाजूला ठेवली, दोर लिंबाच्या बुंध्याला बांधला आणि शर्ट काढला.

सुकन्याने त्याचा हात धरला. "अहो, वारं कुठाय? झाडाचं पान हालंना. नका उतरू."

"तूच म्हनलीस ना, मरंल म्हनून? ह्यो गेलो आन् ह्यो आलो."

"जाऊ दे त्याला," केवळाबाई म्हणाल्या. "लहानपणापासून हिरी-आडांत उतरतोय. फिकर नको करू."

दगडांच्या खाचांत पाय रोवत तो उतरत गेला आणि अंधारात दिसेनासा झाला. पाणी डुचमळल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

"घावलं का?" सुकन्याने ओणवून विचारलं.

तिने पुन्हा हाक मारली.

"घावलं," तो खालून म्हणाला. आवाज जड होता, झोपेतल्यासारखा. "लई दमलो बघ. जरा बसतो हितं."

आडात बसायला जागा नव्हती.