बाहुलीची मान

आमच्या तंजावूरच्या कंपनीत कुणी साहेब नाही. ती सुरू करणारे वरुणरावसुद्धा इथे नुसते वरुण. निर्णय घेताना टेबलावरच्या मान डोलावणाऱ्या बाहुलीला टिचकी मारायची. मान थांबेपर्यंत कुणीही तिच्या डोक्यावर बोट ठेवून निर्णय अडवू शकतं. आजवर कुणी अडवला नाही. आज नवजात बाळांना ऊब देणारी आमची नवी पेटी पापनाशमच्या दवाखान्यात जाणार होती. काल चाचणीत तिचं तापमान आपोआप चढलेलं मी पाहिलं होतं, दोनदा. "गाडी खाली उभी आहे," लावण्या म्हणाली. "नित्या, तुला काही म्हणायचंय?" वरुणनं विचारलं आणि टिचकी मारली. माझा हात वर जाईना. बाहुलीही थांबेना. माझेच गुडघे टेबलाला लागून थरथरत होते. मी खुर्ची मागे सरकवली, गुडघे दोन्ही हातांनी दाबले. समोरचे पाचही चेहरे शांत होते. टेबल तरीही थरथरत होतं आणि बाहुली डोलतच होती.