तिसऱ्या माणसाच्या ताब्यात

डॅरिलने पुन्हा एकदा बायकोच्या, रोंडाच्या कपाळाला पिस्तूल लावलं, तेव्हा ती कोर्टात गेली. न्यायाधीशांनी त्याला बायकोपासून लांब राहायला बजावलं आणि सगळ्या बंदुका तिसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात द्यायला लावल्या. डॅरिल मुकाट्याने हो म्हणाला.

तरीही त्या घरात तिला झोप लागेना, म्हणून मुलीला घेऊन ती थोरल्या भावाकडे, कर्टिसकडे राहायला आली. "इथे तुझ्या केसालाही कुणी धक्का लावणार नाही," तो म्हणाला. बऱ्याच महिन्यांनी ती पोटभर जेवली.

जेवणानंतर रजई शोधताना तिने जिन्याखालचं कपाट ओढून पाहिलं. त्याला कुलूप होतं.

"यात काय आहे रे दादा?"

कर्टिसने नजर चुकवली. "डॅरिलच्या बंदुका. लहानपणापासूनचा दोस्त माझा, नाही कसं म्हणणार? सगळं कायद्याने केलंय."

तिने हात पुढे केला. "किल्ली दे."



"ती डॅरिलकडे असते. त्याच्या हक्काच्या वस्तू आहेत गं. हवं तेव्हा येता यावं, म्हणून मी त्याला घराचीही देऊन ठेवलीय."