अभिप्रायाचा रकाना

शनिवारी सकाळी ग्रंथालयाच्या काउंटरवर नेहमीचं भांडण चालू होतं. ग्रंथपालांनी शिंप्यासाठी एक पुस्तक काढलं होतं आणि सूरमावशी त्याच्या जोडीला सीडी द्यायला तयार नव्हत्या. संगीताचं कपाट मावशींच्या ताब्यात. या ग्रंथालयातून पुस्तक एकटं घरी जात नसे. ग्रंथपाल पुस्तक निवडत, मावशी त्याला शोभेल असं संगीत, आणि दोन्ही सुतळीने बांधून वाचकाच्या हाती पडत. मावशींचं म्हणणं, इतक्या रडक्या पुस्तकाला व्हायोलिन जोडलं तर शिंपी चार दिवस दुकान उघडायचा नाही. शेवटी बासरीवर मिटलं.

"मला पुस्तक वाचायचंय की त्याचं लग्न लावायचंय?" शिंपी म्हणाला.

दुसरा नियम मात्र ग्रंथपालांचा एकट्याचा. पुस्तक परत करताना ते कसं वाटलं हे मोठ्याने सांगायचं, पार वर्तमानपत्रांच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असं. मग ते वाचकाच्या कार्डावर, अभिप्रायाच्या रकान्यात, पेन्सिलीने लिहून ठेवत. मागच्या पुस्तकाबद्दल शिंप्याने सांगितलं, की मधली शंभर पानं उसवून टाकली तर अंगात नीट बसेल. टेबलावरचे हसले, आणि त्यांच्यातल्याच दोघांनी लगेच ते पुस्तक मागितलं.

त्याच्यामागे ग्रंथपालांची मुलगी उभी होती. तिने पुस्तक आणि सीडी पुढे सरकवली.

"कसं वाटलं?"

"ठीक," ती म्हणाली. तेही हळू.

अकराव्या वर्षी पहिल्यांदा या काउंटरसमोर उभी राहिली, तेव्हा टेबलावरच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या होत्या. तिने लाजून 'ठीक' म्हटलं आणि तेच तोंडात बसलं. आता तिचे केस पिकायला लागले होते.

ग्रंथपालांनी लिहायला घेतलं. बराच वेळ लिहीत राहिले.

"एका शब्दाला एवढा वेळ, बाबा?"

"पेन्सिलीला टोक नाही," ते म्हणाले, आणि कार्ड खणात टाकून त्यांनी नवीन जोडी तिच्या हातात दिली. एका नावाड्याच्या बायकोची गोष्ट, आणि सोबत मावशींनी हट्टाने घातलेलं व्हायोलिन. "सावकाश वाच. मग सांग मला."

रविवारी दुपारी, घरी खुर्चीत बसल्या बसल्याच, ते गेले.

तीन आठवड्यांनी मुदत संपली, तेव्हा ती जोडी घेऊन आली. गोष्ट तिने दोनदा वाचली होती. नावाड्याची बायको नदीला ज्या शिव्या देते त्या वाचताना ती घरात एकटीच मोठ्याने हसली होती, आणि हसून झाल्यावर सवयीने खुर्चीकडे बघितलं होतं. तेव्हापासून एकच गोष्ट तिला कुरतडत होती. तीस वर्षं त्या माणसाने तिच्यासाठी पुस्तकं निवडली, आणि आपली एकही निवड मुलीला धड आवडली नाही असं समजून तो गेला.

काउंटरवर सूरमावशी होत्या. जोडी ठेवून गुपचूप निघावं असं तिने ठरवलं होतं. मावशींनी ते ओळखलं असावं. त्यांनी खणातून तिचं कार्ड काढलं आणि उलटं फिरवून तिच्यापुढे ठेवलं. चार कार्डं होती, टाचणीने एकत्र लावलेली. आपलं कार्ड तिने आजवर कधी पाहिलंच नव्हतं.

रकान्यात एकाखाली एक 'ठीक'. आणि प्रत्येक 'ठीक'पुढे, मुंगीएवढ्या अक्षरात, आणखी काहीतरी.

ठीक. दूध उतू गेलं, हिला पत्ता नाही.

ठीक. जेवायला पाच हाका.

ठीक. बसचा थांबा चुकला, चालत घरी. चेहरा खूश.

ठीक. सीडीतली तिसरी चाल भांडी घासताना गुणगुणते. मी ऐकतोय हे माहीत नाही.

ठीक. मुदत दोनदा वाढवून घेतली. कारण सांगितलं, वेळ नाही मिळाला. लबाड.

पहिल्या कार्डावर, सर्वांत वर, शाळकरी वयातला एक 'ठीक' होता. त्यापुढे लिहिलं होतं: परत देताना पुस्तक सोडेना. हातातून ओढून घ्यावं लागलं.

ती हसली. मग डोळे पुसले, आणि पुन्हा हसली.

मावशींनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे नावाड्याच्या बायकोच्या गोष्टीचं नाव होतं, ग्रंथपालांच्याच अक्षरात. पुढचा रकाना रिकामा होता.

"मी काही तुझ्या घरात राहत नाही," मावशी म्हणाल्या. "तेव्हा या वेळी तुलाच सांगावं लागेल." त्यांनी पेन्सिलीला टोक केलं. "आणि नियम तुला माहीत आहे. टेबलापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

"आवडलं," ती म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. शिंप्याने वर्तमानपत्राची घडी घातली, चष्मा खिशात ठेवला आणि उठून काउंटरकडे यायला निघाला. दोन पावलं टाकून त्याने विचारलं, पानं किती आहेत, आणि रडवणारं असेल तर आधीच सांगा.

या वेळी तिने मान खाली घातली नाही. मावशी अजून लिहीत होत्या. ती त्यांच्या मागच्या, ग्रंथपालांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती, आणि तिचा आवाज टेबलाच्या पलीकडे, दारापर्यंत गेला.

"सगळीच आवडली होती, बाबा. एकूण एक."