काझींची मोहर

मजीदला कुवेतच्याच मातीत दफन केलं, ही गोष्ट रत्नागिरीत त्याच्या अम्मीला कोणी सांगितली नव्हती. तिच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. कुवेतच्या अब्बासिया वस्तीतून कामाची बस पकडण्याआधी असमा रोज नवऱ्याच्या फोनवरून सासूला लिहायची, 'अम्मी, गोळी घेतलीस ना? रिफायनरीत बोलता येत नाही, म्हणून लिहितो.' उत्तरात अम्मीच्या दुवा यायच्या आणि असमा चोरासारखी फोन पर्समध्ये टाकायची.

शुक्रवारी अम्मीने एक फोटो पाठवला. मजीदचे पणजोबा गावचे काझी होते, त्यांची पितळी मोहर. वर चंद्रकोर, खाली शिडाचं गलबत आणि दोन्हींना चिरत गेलेला छिन्नीचा खोल घाव.

असमाने मजीद होऊन विचारलं, 'चंद्रकोर दीनाची, धर्माची, ते समजलं. पण गलबत कशाला? आणि एवढी सुंदर मोहर खराब कोणी केली?'

अम्मीची व्हॉइस नोट आली. "दर्यावर गेलेल्यांच्या बायकापोरांना काझींचाच आधार, म्हणून गलबत. आणि खराब नाय केली कोणी. काझी वारले तेव्हा त्यांच्याच लेकाने घाव घातला. गेलेल्या माणसाच्या नावाने मागून कोणी काय लिहू नये, म्हणून."

असमाने ती नोट पुन्हा ऐकायला घेतली. तेवढ्यात दुसरी नोट आली.



"माझ्या मजीदला हे लहानपणापासून पाठ होतं. तूपण थांब आता, असमा बाय."