आत्याची पडीक जागा

आत्याच्या घरामागे बंद पडलेल्या कारखान्याचा राडारोडा दहा वर्षं तसाच पडलाय. आमचं खातं विमानातून फोटो काढून पडीक जागांची यादी करतं आणि यादीतल्या जागा फुकटात साफ करून देतं. गुरुवारी विमान येणार, हे मी आत्याला आवर्जून कळवलं.

फोटोत राडारोड्याच्या जागी लख्ख निळा चौकोन निघाला. साहेबांनी वर्ग ठरवला, 'जलतरण तलाव', आणि वर मला म्हणाले, "आता पुढचं विमान पाच वर्षांनी."

मी तणतणत आत्याकडे गेलो. राडारोडा जागचा हलला नव्हता, फक्त त्यावर नवीकोरी निळी ताडपत्री ताणून बसवली होती.



"अरे, फोटो काढणार म्हणालास ना? मग पसारा तसाच ठेवू? मला काही लाज आहे की नाही!"